आडव्या पाइपांची टेकडी

मार्नीच्या लग्नाला जेमतेम आठवडा उरला होता आणि तिच्या बापाला अजून खडा सापडला नव्हता!

ती जन्मली तेव्हा ऑर्व्हलने दवाखान्यातच जाहीर करून टाकलं होतं, "हिच्या लग्नाच्या अंगठीत मी स्वतः खणून काढलेला निळा पिरोजा असेल. विकतचा नाही." ऑर्व्हल म्हणजे माझा नवरा. जन्मभर नेवाडातल्या मातीच्या रस्त्यांवर त्याने रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवला, आणि सुट्टी मिळाली की टिकाव घेऊन डोंगर गाठला. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी मावलीच नाही, नुसते दगडच दगड. त्यात पिरोजे नव्हते असं नाही. डबे भरून होते! पण एक हिरवट, एक तडकलेला, एक मऊ, आणि एक "बरा आहे, पण मार्नीसाठी नाही." याहून चांगला खडा नेहमी पुढच्या टेकडीत असायचा.

आता अंगठी घडवून तयार होती आणि तिचं मधलं घर रिकामं होतं.

"तुला मुलीचं लग्न लावायचंय की दगडाचं?" मी विचारलं.

"एकच टेकडी राहिलीय, ग्लेंडा," तो म्हणाला. "गेल्या साली तिच्याखालच्या ओढ्यात निळे कण पाहिलेत मी."

नवरी मुलीने ऑगस्टच्या उन्हात रापून घेऊ नये असं माझं म्हणणं होतं. मार्नी मात्र बूट घालून केव्हाच पिकअपमध्ये बसली होती. "आई, बाबाला एकटं सोडलं तर तो लग्नालाच उगवायचा नाही," ती म्हणाली. मग मीही दुपारच्या जेवणाची पिशवी उचलून तिच्या शेजारी चढले.

गाव मागे पडलं, डांबर संपलं. मग राखाडी झुडपांचं पसरट खोरं, त्यात सरळ जाणारी चाकोरी आणि आमच्यामागे उठणारा धुळीचा लोट, एवढंच काय ते उरलं. वाटेत टायर फुटलं. जॅक वाळूत रुतत गेला, तेव्हा त्याखाली मी आणलेली कणसं भाजायची लोखंडी जाळी घालावी लागली. ती वाकली! त्यावरून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे चाकोरी एक कोरडा ओढा ओलांडून गेली. पलीकडच्या उंच काठावर ऑर्व्हलने गाडी लावली. "ओढ्यात गाडी कधी लावायची नाही," त्याने मार्नीला बजावलं. तिने ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की तिने त्याच्याच आवाजात वाक्य पुरं करून दाखवलं.

पिरोजा शोधायची आमची रीत सोपी आहे. ओढ्याच्या वाळूत निळे कण सापडेपर्यंत मान खाली घालून चालायचं. सापडले की वर वर जायचं. जिथे ते सापडायचे थांबतात, तिथे थांबायचं आणि आजूबाजूच्या उतारावर बघायचं. दगड वरून खाली येतो, खालून वर जात नाही. रीत सोपी, पण पाठ मोडते!

पहिला कण मला सापडला. मसुराएवढा. पुढे दोन-तीन मार्नीला. ऊन डोक्यावर आलं. ओढा अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी कडे चढत गेले, आणि समोर उभी खडकाची भिंत आली. पावसात इथे धबधबा होत असणार. ऑर्व्हल आधी चढला, दोर खाली सोडला. मार्नीने पकडीसाठी वरच्या कपारीत हात घातला...

खुळखुळ!

"हात काढ!" ऑर्व्हल ओरडला.

तिने हात काढला. पाय सुटला. दोराला लटकून ती भिंतीवर आपटली आणि तिच्या डोक्यावर, जिथे क्षणापूर्वी बोटं होती, तिथून शेपटीचा खुळखुळा वाजवत रॅटलस्नेकने डोकं बाहेर काढलं. मी खालून तिचे पाय धरले. ऑर्व्हलने टिकावाच्या दांड्याने सापाला अलगद आत ढकललं, आणि आम्ही दुसऱ्या बाजूने चढलो.

"कोडीला सांगू नकोस," मार्नी म्हणाली. कोडी म्हणजे आमचा होणारा जावई. "तो लग्न पुढे ढकलेल."

"सापालाही लग्नाला बोलवेल," ऑर्व्हल म्हणाला.

भिंतीच्या वर निळे कण दाट झाले आणि थोड्याच अंतरावर एकदम थांबले. डावीकडे तांबूस, कुजल्यासारख्या खडकाची टेकडी होती. तिच्या पायथ्याशी एक पांढरा प्लास्टिकचा पाइप आडवा पडला होता.

कुणी खणायचा हक्क नोंदवलेल्या जागेच्या कोपऱ्यांवर असे पाइप उभे असतात. उभा पाइप दिसला की आमच्यासारख्या हौशी माणसांनी तिथून काढता पाय घ्यायचा. ऑर्व्हल फिरून दुसरा कोपरा बघून आला. तिथलाही पाइप आडवाच.

"सोडून दिलेली जागा आहे!" तो म्हणाला. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

मग काय! टिकाव, छिन्नी, हातोडा. ऑर्व्हल खणायचा, मी माती ओढायची, मार्नी चाळायची. खडकात पांढऱ्या मातीची बारीक रेघ लागली. रेघेच्या मागे गेलो. ती रुंद झाली. ऑर्व्हलने हातोडा ठेवला आणि नखांनी माती उकरायला सुरुवात केली.

"ग्लेंडा," तो हळूच म्हणाला.

त्याच्या तळहातावर बदामाएवढा खडा होता. त्याने तो शर्टाला पुसून, रंग बघायला जिभेला लावला. खडा जिभेला चिकटला, आणि तसाच जीभ बाहेर काढून तो आमच्याकडे बघून हसायला लागला. तडा नाही, हिरवटपणा नाही, डाग नाही. नुसता निळा! इतक्या वर्षांत मी याच्या दगडांना काय काय नावं ठेवली, पण हा खडा पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो हवा होता. माझ्या मुलीच्या बोटात हवा होता.

मार्नी मात्र त्या पाइपापाशी गेली होती. आठवण म्हणून त्याचा तुकडा कापून न्यावा असं तिच्या डोक्यात आलं असावं. तिने पाइपाचं एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकातून पिसं सांडली. मग हाडं. बारीक, काड्यांसारखी, पाखरांची.

"बाबा, इकडे ये."

पाखरं घरट्यासाठी अशा उभ्या पाइपात शिरतात. आत गुळगुळीत, पंख पसरायला जागा नाही, बाहेर येता येत नाही. म्हणून पक्ष्यांची काळजी करणारी मंडळी हे पाइप उपटून तिथेच शेजारी आडवे ठेवतात. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. खड्याच्या नादात आठवलं मात्र नव्हतं! पाइप मोडला नव्हता, वाऱ्याने पडला नव्हता. आपल्या भोकाशेजारी नीट निजवून ठेवला होता.

"म्हणजे मालक असेल," मार्नी म्हणाली.

"असेल किंवा नसेल," मी म्हटलं. "ऑर्व्हल, एक खडा. एकच! इथे कोण बघायला बसलंय?"

ऑर्व्हल खडा मुठीत धरून बसून राहिला. तेवढ्यात डोंगरामागे गडगडलं. वर पाहिलं तर पश्चिम काळीभोर झाली होती.

"उतरा!" ऑर्व्हल म्हणाला.

भिंतीच्या बाजूने आम्ही उतरलो, धावत सुटलो. निम्म्या वाटेत तो थांबला. मूठ उघडली. आणि माझा शहाणा नवरा वळून पुन्हा वर निघाला!

"ऑर्व्हल! वेड लागलं का तुला?"

"हा घेऊन मी चर्चमध्ये उभा नाही राहू शकत, ग्लेंडा! तुम्ही गाडीकडे पळा!"

तो परत येईपर्यंत टपोरे थेंब पडायला लागले होते. गाडीत बसलो. परतीच्या वाटेतला ओढा अजून कोरडाच होता. "जाईल," तो म्हणाला आणि त्याने गाडी उतारावर घातली.

मध्यावर चाकं रुतली. इंजिन खोकलं. बंद पडलं!

मग तो आवाज आला. आगगाडी जवळ येते ना, तसा. वळणावरून तपकिरी पाण्याची भिंत झुडपं, ओंडके, धोंडे घेऊन येत होती.

"बाहेर! खिडकीतून!"

मार्नी आधी टपावर. तिने मला ओढलं. पाणी दारावर आदळलं. गाडी हलली, सरकली. ऑर्व्हलने दोर फेकला, फास काठावरच्या सुळक्यात अडकला. मार्नीने उडी घेतली. मग मी. पाणी गळ्यापर्यंत, पायाखाली काहीच नाही, तोंडात चिखल! मार्नीच्या हातांनी मला वर खेचलं. मागे वळले तेव्हा ऑर्व्हल दिसेना.

"बाबा!"

दोर ताठ होता. आम्ही दोघींनी होता नव्हता तो जोर लावला, आणि चिखलातून आधी त्याची टोपी नसलेली टाळू वर आली. मी त्याला मिठी मारली, आणि मग खांद्यावर एक सणसणीत चापट दिली. दोन्ही मनापासून होत्या.

ती रात्र आम्ही एका कपारीत, ओल्या अंगाने एकमेकांना बिलगून काढली. सकाळी पाणी ओसरलं होतं. पिकअप खालच्या धोंड्यांत अडकून पडली होती. वरच्या अंगाने एक उघडी चारचाकी गाडी आली. त्यात ऐंशीच्या घरातली एक हडकुळी म्हातारी आणि तिचा कुत्रा.

"जिवंत आहात की नाही?" तिने विचारलं. तिचं नाव हॅटी. तिने थर्मास काढला, गरम कॉफी दिली. ऑर्व्हलने घोटसुद्धा न घेता विचारलं, "ती टेकडी तुमची का?"

"माझी. पाइप पाखरांच्या लोकांनी झोपवले, बरं केलं. का?"

"मी तिथे खणलंय. सोडलेली जागा वाटली. एक चांगला खडा निघाला होता. खड्ड्यात डाव्या अंगाला ठेवलाय, वर चपटा दगड दाबलाय."

हॅटीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. गाडी फिरवून ती वर गेली. परत आली तेव्हा खडा तिच्या हातात होता. आता ती देणार, मला वाटलं. कुठलीही माउली देईल! मी लग्नाचंही सांगून टाकलं.

"फार सुरेख आहे," ती म्हणाली आणि तिने तो आपल्या खिशात टाकला. "माझाच आहे."

मार्नीला हसू फुटलं. मला नाही.

"पण माझी हद्द त्या भिंतीपाशी संपते," हॅटी पुढे म्हणाली. "तिच्याखाली ओढ्यात जे येतं ते ज्याला सापडेल त्याचं. काल डोंगरच खाली आलाय. ओलं आहे तोवर रंग दिसतो. मी तुमच्या गाडीला साखळी लावते, तुम्ही खडे बघा."

आम्ही अक्षरशः गुडघ्यांवर पडलो. नवी वाळू, नवे गोटे, सगळं ओलं, सगळं चकाकणारं! कण सापडले, कपच्या सापडल्या. पण ऊन चढू लागलं. वरच्या बाजूने दगड वाळत येत होते आणि वाळतील तसे सगळेच मातकट होत होते. आम्ही सावलीच्या कडेने मागे मागे सरकत होतो.

ऑर्व्हल उभा राहिला. हातात काहीतरी होतं.

आम्ही जवळ गेलो. पावट्याच्या दाण्याएवढा, खडबडीत. मधून काळी रेघ गेलेली. त्याने तो उन्हात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. हे फिरवणं मी आयुष्यभर पाहत आलेय.

"एका कडेला हिरवट आहे," तो म्हणाला.

मी डोळे मिटले.

"मार्नी," ऑर्व्हल म्हणाला, "बोट पुढे कर."