मागची घंटी

मी घंटी वाजवल्यावर मागून उत्तर दिलं ते कोणी?

हा प्रश्न मी पोलिसाला विचारला. त्याने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. डॉक्टरला विचारला, तो म्हणाला, झोप घ्या. तुम्हालाही उत्तर येणार नाही, ठाऊक आहे मला. पण ऐकून तरी घ्या. आणि तेवढा दिवा राहू द्या.

आमचं सायकलींचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधल्या बोळात दुरुस्तीच्या सायकली टांगलेल्या. आई-वडील गेले तेव्हा मी शाळेच्या नावाने पोटात दुखवून घ्यायचो. दादाने आधी मारून पाहिलं, मग समजावून पाहिलं, शेवटी हातात पाना दिला. वहिनी लग्न होऊन आली ती जणू माझे केस विंचरायलाच. एवढंच आमचं घर. ते घर अजून आहे. वहिनी तिथेच राहते. शेजारी सांगतात, खुशीत असते.

वर्षातून एकदा दुकानाला कुलूप घालून आम्ही भाऊ सायकलींवर लांब जायचो. दोन्ही बाजूंना पिशव्या, कॅरिअरवर तंबू. अशी लादलेली सायकल चालवताना मागे वळून बघायचं नसतं. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून हँडल वळतं आणि माणूस सरळ गटारात. म्हणून दादाचा नियम होता. पुढच्याने अधूनमधून एकदा घंटी वाजवायची. मागच्याने दोनदा वाजवायची. म्हणजे, मी आहे, चाल पुढे. उत्तर आलं नाही, तर पुढच्याने थांबायचं, खाली उतरायचं आणि मगच वळून बघायचं.

पुढे मी असायचो, कारण मला दम निघत नाही. मागे दादा.

"शेपूट शहाणं लागतं," तो म्हणायचा. "तोंड कसलंही चालतं."

त्याची घंटी जुनी, पितळी. आतली स्प्रिंग दमलेली. पहिला ठोका स्वच्छ यायचा, लगेच मारलेला दुसरा मात्र घोगरा, सर्दी झाल्यासारखा. नवी स्प्रिंग टाकतो म्हटलं की म्हणायचा, "राहू दे रे, हजारात ओळखू येते."

यंदा समुद्राकडे निघालो. निघताना वहिनीने त्याच्या सायकलीचं हँडल धरून ठेवलं.

"जाताना कुठूनही जा. येताना दमलेले असता तुम्ही. ट्रकांच्या रस्त्याने यायचं नाही."

"जशी आज्ञा, सरकार," दादा म्हणाला.

तिने त्याला सोडून माझ्याकडे बघितलं. "बारक्या, ह्यांना घेऊन ये. तुझ्यावर सोडलंय."

"वहिनी, मी त्याला आणणार की तो मला?"

"कोणीही कोणाला आणा. पण घरी या."

परतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी फाट्यावर पोचलो. डावीकडे घाटाचा मोठा रस्ता, त्यावर ट्रकांची माळ, डिझेलचा वास. उजवीकडे तलावाच्या काठाने गेलेला जुना रस्ता. फाट्यावर चहाची टपरी होती. चहावाल्या मावशींना दादाने विचारलं, "हा जुना रस्ता कसा आहे हो?"

"देखणा आहे. झाडी आहे, पाणी आहे. पलीकडच्या टोकाला पंपघर लागेल. तिथून तुमचं गाव जवळ."

"वर्दळ?"

"छे. कोणी नसतं."

"बघ," दादा मला म्हणाला. "देखणा आणि शांत. तुझ्या वहिनीने ऑर्डर देऊन बनवून घेतलेला दिसतोय."

मी म्हटलं, "देखणा आणि शांत? म्हणजे तुझ्या अगदी उलट."

त्याने माझ्या डोक्यात टपली मारली. ती शेवटची. आम्ही निघालो तेव्हा मावशी ग्लास विसळता विसळता म्हणाल्या, "दोघं आहात ना? मग बोलत जा."

"हा गप्प बसला तर सूर्य मागे फिरेल," दादा म्हणाला.

सुरुवातीलाच मोठा उतार होता. उताराच्या तोंडाशी मी घंटी वाजवली. मागून उत्तर आलं, एक स्वच्छ, एक घोगरं. मग ब्रेक सोडले. वारा कानात भरला. खाली एक छोटा पूल होता, त्याचा कठडा एका बाजूने तुटलेला. तो मागे टाकून मी वळणावर आलो, सवयीने घंटी वाजवली.

दोन ठोके आले. दोन्ही स्वच्छ.

मला वाटलं, उतारावरच्या धक्क्याने स्प्रिंग जागेवर बसली. बरं झालं, तेवढंच एक काम वाचलं.

खरंच देखणा होता तो रस्ता. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत शिरलेली, उन्हाचे कवडसे, खाली तलाव. पण थोडं पुढे गेल्यावर मला जाणवलं की एकही पक्षी ओरडत नाहीये. पाण्याला वास होता. पिंपात फार दिवस साठलेल्या पाण्याला येतो तसा.

"दादा, पाणी बघितलंस का?"

टिंग, टिंग.

"अरे, घंटी काय वाजवतोस? बोल की!"

टिंग, टिंग.

थट्टा करतोय, असं मला वाटलं. तो करायचा अशी थट्टा. मी हसलो आणि जोरात पाय मारायला लागलो. रस्त्यावर वाळक्या पानांचा थर होता. माझ्या चाकाखाली पानं चुरचुरत होती. ऐकता ऐकता लक्षात आलं… मागे पानं वाजत नव्हती.

मी घंटी वाजवली. उत्तर अगदी जवळून आलं, माझ्या मागच्या मडगार्डला चाक लागेल इतक्या जवळून. मानेवर गार हवा आली. तोच वास.

"दादा… अंतर ठेव ना."

उत्तर नाही. मी घंटीकडे अंगठा नेला. तो टेकण्याआधीच मागून दोन ठोके पडले.

त्या वेळी मला वळून बघावंसं वाटलं. फार वाटलं. पण उत्तर आलेलं होतं. उत्तर आलं की पुढे चालायचं, हेच मी लहानपणापासून शिकलो होतो. हँडल घट्ट धरलं आणि नजर रस्त्यावर ठेवून सायकल पळवत सुटलो. मी घंटी वाजवायची थांबवली, तरी उत्तरं येत राहिली.

झाडी संपली आणि पंपघर दिसलं. अजून उजेड होता. पहारेकरी दारात बसून बूट पुसत होता. माणूस बघून माझ्या जिवात जीव आला.

"या," तो म्हणाला. "एकटे?"

"नाही. भाऊ आहे मागे."

"हां, घंटी ऐकली मी. दोनदा वाजली." तो हसून माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला. बघता बघता त्याचं हसू तोंडावरच वाळलं. "अहो, पण… मागे तर कोणी नाही."

मी उतरलो. वळलो. झाडीपर्यंत सरळ रस्ता होता. रिकामा.

त्या रिकाम्या रस्त्यावरून दोन ठोके आले.

पहारेकरी बूट तिथेच टाकून आत गेला आणि त्याने कडी लावली. पुढे पोलिसांना त्याने सांगितलं, "मी काही ऐकलं नाही, साहेब."

मी सायकल फिरवली. परत जाताना सगळ्या रस्त्याने घंटी वाजवत, ओरडत गेलो. आता कोणीच उत्तर दिलं नाही.

दादा पुलाखाली होता. तुटलेल्या कठड्यातून सायकलीसकट खाली गेला होता. दगडांत, हातभर पाण्यात. घंटी त्याच्या छातीखाली चेपून पत्र्यासारखी सपाट झाली होती.

दवाखान्यात नर्स मला पाणी द्यायला आली. मी विचारलं, लगेच गेला का तो? ती बोलून गेली, "लगेच नाही हो. बराच वेळ तरी…" डॉक्टरने तिला हाक मारली. ती गेली ती गेलीच.

म्हणजे मी वळणावर घंटी वाजवली तेव्हा दादा खाली जिवंत होता. उत्तर आलं नसतं तर मी थांबलो असतो, उतरलो असतो, वळून बघितलं असतं. एका हाकेच्या अंतरावर होता माझा भाऊ. आता तुम्हीच सांगा. ते उत्तर त्याचं होतं का, जाता जाता 'चाल पुढे' म्हणणारं? की मी मागे वळू नये असं दुसऱ्याच कोणाला वाटत होतं?

घरी वहिनी रडली नाही. तिने दादाची मोडकी सायकल बोळात नेहमीच्या खुंटीला टांगायला लावली. आणि रोज दिवेलागणीला ती दाराची कडी काढून उंबऱ्याशी बसायला लागली.

"वहिनी, आत चल."

"मागे होते ना ते तुझ्या?"

"वहिनी…"

"मग येतील. शेपूट उशिराच पोचतं."

एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. हातातला पाना मी भिंतीवरच्या आरशावर फेकला. "तो येणार नाही! मी खांदा दिलाय त्याला!" तिने काचा गोळा केल्या, माझा पाय लागू नये म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसली. मग शांतपणे म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं ना, घेऊन ये म्हणून."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी गेलो नसतो.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता निघालो. चेपलेली घंटी खिशात घातली. दुपारी त्या पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली पाणी दगडांतून वाट काढत होतं.

"दादा," मी म्हटलं, "वहिनी दार उघडं ठेवून बसते रे. चल घरी. आज तू पुढे हो. आज मी शेपूट."

काहीच झालं नाही. मला माझीच लाज वाटायला लागली. सायकल वळवणार, एवढ्यात घराकडच्या वळणाआडून एक ठोका आला.

टिंग.

डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं माझ्या. मी दोनदा वाजवली आणि निघालो. पुढे कोणी दिसत नव्हतं. मी हळू झालो की पुढून एक ठोका यायचा, मी दोन द्यायचो. झाडीतून गेलो. पंपघराची खिडकी मी येण्याआधीच धाडकन लागली. पाणी मागे पडलं, पण त्याचा वास माझ्या पुढे पुढे चालला होता.

गावाजवळ आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दादाची खूण दुसऱ्या ठोक्यात होती. पुढून एकच ठोका येत होता. एक ठोका कोणाचाही सारखाच.

थांबावं वाटलं. पण ती उंबऱ्याशी बसलेली असणार. रिकाम्या हाताने मी दुसऱ्यांदा कसा जाऊ?

गल्लीत शिरलो तेव्हा ती उभी होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. बोळातून सायकल आत घेताना माणूस भिंतीला चिकटून वाट देतो, तशी ती चिकटली. तिच्या कपाळावरची बट हलली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"किती गार पडलात हो…" ती हळूच म्हणाली आणि आत वळली. तिच्यामागे दार लागलं. आतून कडी पडली.

मी पायरीशी सायकल धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून, बोळातून, एक ठोका आला.

उत्तर आलं नाही तर पुढचा थांबतो. उतरतो. आणि वळून बघतो.

आत ती त्याच्या मागेच उभी असणार.

मी अंगठा घंटीवर ठेवला आणि दोनदा वाजवली.