तीन नोव्हेंबरची बोट

"अगं चैत्राली, ही तिकिटं नोव्हेंबरची आहेत!"

सईचा आवाज प्रागच्या त्या बोटीच्या धक्क्यावर असा घुमला की पाण्यातली बदकंसुद्धा बाजूला सरकली. मी तिच्या हातातला कागद ओढून घेतला. ०३/११.

"मग? मार्च अकरा. आजच आहे की!"

खिडकीतल्या बाईंनी हसत मान हलवली. त्यांच्याकडे तारीख आधी, महिना नंतर. तीन नोव्हेंबर! आणि आजच्या शेवटच्या बोटीत जागा नव्हती.

पाच वर्षं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करता करता मी महिना आधी लिहायला कधी लागले, माझं मलाच कळलं नव्हतं. त्यात या ट्रिपचं सगळं प्लॅनिंग माझं. रंगीत एक्सेल शीट, लॅबच्या प्रिंटरवर छापलेली तिकिटं, प्रत्येक गोष्ट तीनदा तपासलेली. सई आणि अनया, माझ्या दोघी रूममेट, माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, नदीतच उडी मारावी.

"महिना आधी टाकलात ना?"

मागून... चक्क मराठीत! मी वळले. निळी लोकरीची टोपी, गालातल्या गालात हसू.

"मी वेदांत. डॅलसजवळ अर्विंगला असतो. हसत नाहीये हं, मीपण यातलाच. आईचा वाढदिवस सात मेला, मी पाठवलेला केक पोचला पाच जुलैला. बाबा विचारतात, हा कुणाचा?"

मला हसू आवरेना.

"माझा मित्र रवी पोट धरून हॉटेलवर पडलाय. कालचं चीज नडलं. त्याचं तिकीट आहे. एकच आहे, पण..."

"हिला न्या!" अनयानं मला पुढे ढकललं. "चूक हिची, शिक्षा हिलाच!"

"यार अनया—"

"जा गं! आम्ही कॉफी पितो."

बोट सुटली. बारीक भुरभुर सुरू झाली होती, पण आत जाऊन बसावंसं दोघांनाही वाटलं नाही. माझे केस सारखे तोंडावर येत होते आणि मी सारखी बडबडत होते... माझा रिसर्च, कॅम्पसची कधीच वेळेवर न येणारी बस, काहीही! तो ऐकत होता. इतकं नीट ऐकणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

मी बॅगेतून फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी काढली. आत लसणाची चटणी, वर तूप.

"प्रागमध्ये पोळी?"

"प्लॅनिंगमध्ये होती."

त्यानं पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. "अर्विंगच्या दुकानांत सगळं मिळतं. हे नाही मिळत."

डोक्यावरून तो प्रसिद्ध दगडी पूल गेला. सगळ्यांचे फोन वर झाले.

"पूल गेला," मी म्हटलं. "फोटो नाही काढलात?"

"पूल? कुठला पूल?"

"मग इतका वेळ काय बघत होतात?"

तो नुसता हसला. माझे कान तापले, त्या थंडीत!

मग एकदम आठवलं, उद्या आमचं नेवार्कचं विमान आणि त्याचं डॅलसचं. धक्का जवळ यायला लागला. त्यानं नंबर मागितला नव्हता. मागेल, आत्ता मागेल... नाहीच मागितला. मी आपणहून कधी कुणाला काही विचारलेलं नाही. पण आज गप्प राहिले तर हा माणूस हातचा जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बोट टेकली. मी माझं चुकलेलं तिकीट काढलं, मागे भराभरा नंबर लिहिला आणि त्याच्या हातात कोंबलं.

"हे कॅन्सल होत नाही," मी म्हटलं. "वाया घालवू नका."

आणि पळाले. खरंच पळाले! मागे वळून बघायचीही हिंमत झाली नाही.

रात्रभर फोन गप्प. विमान उडालं, उतरलं, तरी गप्प.

स्टेट कॉलेजला ड्राइव्ह करताना वाटेत एडिसनला थांबायचंच, हा आमचा नियम. तिथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मी कढीपत्ता निवडत होते. मनात म्हणत होते, बरं झालं, हौस फिटली. तेवढ्यात फोनवर मेसेज आला.

"आत्ता घरी पोचलो. प्रागपासून अकरा मेसेज लिहिले आणि खोडले. तीन नोव्हेंबरला नक्की येणार. पण आठ महिने थांबणं जमणार नाही. शनिवारी, एकवीस मार्चला, स्टेट कॉलेजला येऊ? महिना अक्षरांत लिहिलाय. तू मला फार आवडलीस, चैत्राली."

तू! मी कढीपत्त्याच्या चार जुड्या उगाचच टोपलीत टाकल्या.

"काय गं? काय झालं?" सई डोकावली.

मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि टाइप केलं, "ये. चटणी-पोळी करून ठेवते. मलाही तू आवडलास."

आणि पाठवून दिलं. एकदाही न तपासता.