तालमीचे पाहुणे

लेनवर्थ चहात साखर ढवळतो तेव्हा चमचा कपाला लागत नाही. कडेपासून अर्धं बोट आत, एकाच अंतरावर तो गोल फिरत राहतो. मेहो हाऊस या समुद्राकाठच्या पाहुण्यांच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात सकाळी सहाला चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लागते, कारण वर पाहुणे झोपलेले असतात. पण आज नोव्हेंबरमधला शेवटचा सोमवार होता, वरच्या पाचही खोल्या रिकाम्या होत्या, आणि तरी त्याच्या चमच्याचा आवाज येत नव्हता. इथला स्वयंपाक सांभाळणाऱ्या आयोनीने ते पाहिलं आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला.

"केमन बेटावरून फोन होता," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"तिथल्या एका मोठ्या व्हिलाचा. बाग, पोहायचे दोन तलाव, होडी... सगळं माझ्याकडे. दोन वर्षांचं काम. राहायला खोली पण देतायत. आज संध्याकाळी पाचपर्यंत कळव म्हणाले."

"मग?"

"मग काय. पाचपर्यंत कळवतो."

कांद्याचे तुकडे एकाएकी जरा जाडच पडू लागले. आयोनीने चाकू खाली ठेवला.

चार वर्षांपूर्वी तो पाण्याचा पंप दुरुस्त करायला म्हणून आला आणि बाग, तलाव, होडी सांभाळायला राहिला. मग त्याने मागच्या टेकडीवर दोन खोल्या बांधल्या – पत्र्याचं छप्पर, समुद्राकडे तोंड केलेला ओटा. ओट्याचं सिमेंट वाळायच्या आत त्याने तिला विचारलं होतं, "लग्न करून इथे राहायला येशील?" ती म्हणाली, हंगाम संपू दे. एप्रिलमध्ये हंगाम संपला. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, वादळांचे महिने सरू देत. तेही सरत आले. ऑक्टोबरमध्ये त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तेव्हा तर पुढच्या हंगामाची तयारी सुरू झाली होती.

तिच्या मनात नकार नव्हता. पण होकार शोधायला गेली की हाताला काहीच लागायचं नाही, आणि न सापडलेली गोष्ट 'आहे' म्हणून सांगणं तिला जमत नसे.

इतक्यात मिस इसिल्डा आल्या. सत्तावीस वर्षं हे घर त्यांच्या शब्दावर चालत होतं. हातात गवती टोपी, टोपीत चिठ्ठ्या. खरे पाहुणे पंधरा डिसेंबरला यायचे होते. त्याआधी दरवर्षी एक दिवस तालीम व्हायची: घरातल्याच दोघांनी पाहुणे व्हायचं आणि बाकीच्यांनी त्यांची सेवा करायची. गळणारा नळ, करकरणारी खुर्ची, विसरलेली रीत – काय ते आजच सापडलं पाहिजे.

"या वर्षी तुझंही नाव टाकलंय, आयोनी. पॅन्सीच्या हातचं जेवण कसं होतं ते मला बघायचंय."

"मिस इसिल्डा, पॅन्सी कपडे धुते."

"मासा पण धुवेल."

पहिली चिठ्ठी आयोनीची निघाली, दुसरी लेनवर्थची. पॅन्सी दारात उभी राहून इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. "बोस्टनचं जोडपं आलं बघा. या मॅडम, या सर. सामान कुठंय तुमचं?"

"विमानात राहिलं," लेनवर्थ गंभीरपणे म्हणाला. "मॅडमना सांगत होतो, कांदे बरोबर घेऊ नका."

आयोनीला हसू आलं. मग केमन आठवलं.

पाहुण्यांनी आधी फॉर्म भरायचा. एक्केचाळीस प्रश्न. असे शेकडो फॉर्म आयोनीने वाचले होते. कोणाला अंडं साडेसहा मिनिटं उकडून हवं असायचं, कोणाला फक्त देठाशी हिरवं राहिलेलं केळं. माणूस विमानातून उतरायच्या आत तो कशाने सुखावेल हे तिला माहीत असे, आणि त्याच्या मुक्कामाचे दहाही दिवस तिने मनात मांडून ठेवलेले असत. लेनवर्थने पाच मिनिटांत फॉर्म भरून दिला. ती पहिल्याच प्रश्नावर अडली. सकाळी काय खायला आवडतं?

ती सकाळी उभ्याने, हाताला येईल ते खायची. त्याला आवड म्हणतात का?

"कोरा फॉर्म?" मिस इसिल्डांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "असे पाहुणे सगळ्यात त्रासाचे."

दुपारी व्हरांड्यातल्या मोठ्या टेबलावर त्यांना जेवायला वाढलं. अकरा वर्षांत आयोनी या टेबलाशी कधी बसली नव्हती. खारवलेल्या माशाबरोबर परतलेली अकीच्या फळाची भाजी पॅन्सीने छान जमवली होती, फक्त मिरची दुप्पट घातली होती. लेनवर्थच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर रडतायत," पॅन्सी म्हणाली. "घरची आठवण येतेय का?"

"बोस्टनला इतकं प्रेम मिळत नाही."

आयोनी बशा उचलायला उठली, तिला बसवण्यात आलं. मग पाण्याचा जग आणायला उठली, पुन्हा बसवण्यात आलं. चहापर्यंत ती सात वेळा उठली. लेनवर्थने मोजलं होतं.

चहाबरोबर गिझाडा, म्हणजे गोड नारळ भरलेल्या छोट्या खुसखुशीत वाट्या आल्या, आणि मिस इसिल्डांनी तालमीतला शेवटचा नियम सांगितला: प्रत्येक पाहुण्याने फॉर्ममध्ये नसलेली एक गोष्ट मागायची, आणि घराने ती नाकारायची नाही.

"माझं सोपंय," लेनवर्थ म्हणाला. "मॅडमनी अर्धा तास खुर्चीवरून उठायचं नाही."

"हे काय मागणं झालं?" आयोनी म्हणाली.

"फॉर्ममध्ये नव्हतं ना?"

मिस इसिल्डांनी घड्याळ पाहिलं. "सव्वाचार. पावणेपाचपर्यंत." आणि त्या पॅन्सीला घेऊन आत गेल्या.

समुद्रावरून पाऊस येताना दिसला. आधी क्षितिजाला एक राखाडी पट्टा, मग खडकांपलीकडचं पाणी खरखरीत झालं आणि वारा एकदम गार आला. व्हरांड्याच्या बाजूच्या दोरीवर पाच खोल्यांच्या चादरी वाळत होत्या.

"लेन, चादरी –"

"मॅडम."

"भिजतील रे सगळ्या."

"भिजतील."

पॅन्सी धावत बाहेर आली. चार चादरी तिने खांद्यावर टाकल्या, पाचवी चिखलात पडली. आयोनीने खुर्चीचे हात घट्ट धरले. पॅन्सीने चादर उचलली, पावसालाच चार शब्द सुनावले, चादर बादलीत टाकली आणि गाणं म्हणत आत गेली. बस, एवढंच झालं. आयोनी त्या बादलीकडे बराच वेळ बघत राहिली.

"मला काय हवंय ते मला कळत नाही," ती हळूच म्हणाली. "मी तुला टाळत नव्हते रे. मला खरंच..."

"तुला बामीची जळकी कड आवडते."

"काय?"

"सकाळी. सगळ्यांना वाढून झालं की तू तव्यावरची कड खातेस. मला वाटायचं, तेवढीच उरते म्हणून खातेस. मग एकदा दोन अख्ख्या बामी उरल्या होत्या, आणि तू त्या बाजूला सारून कड शोधलीस."

तिने आठवून पाहिलं. कसाव्याच्या कंदाच्या त्या भाकरीची कड कडक असते, तिला किंचित कडवट वास येतो, आणि ती दाढेखाली मोडते तेव्हा... हो. त्या क्षणी तिला दुसरं काही नको असायचं.

"आवडते," ती नवल वाटून म्हणाली. "पण हे तुला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"आणि बोलला नाहीस?"

"चांगलं चाललं होतं तुझं. कशाला मध्ये बोलू?"

पाऊस पन्हाळीतून धार धरून पडत होता. लेनवर्थने फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला. चार पस्तीस झाले होते.

"मी चौथ्यांदा विचारणार नाही, आयोनी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी विचारलं की तू मला काय बरं वाटेल ते शोधायला लागतेस. ते अंडंवाले, केळंवाले येतात ना, त्यांच्यासाठी शोधतेस तसंच. मला तुझा पाहुणा व्हायचं नाहीये."

त्याच्या बाहीवर पावसाचे तुषार बसले होते. तो टेकडीवर नसेल, तलावाशी नसेल, सहाच्या चहाला समोर नसेल – असा एक दिवस तिने मांडून पाहिला, दुसऱ्याचे दिवस मांडायची तसाच, सकाळपासून. दुपारपर्यंतसुद्धा तिला तो पुढे नेता येईना. मग तिने दुसरा दिवस मांडला. टेकडीवरचा ओटा, तव्यावर दोनच बामी, आणि ती खाली बसून खातेय. हा दिवस आपोआप संध्याकाळपर्यंत गेला. पुढेही जात राहिला.

"वेळ संपली," मिस इसिल्डा घड्याळ बघत दारात आल्या. मागे पॅन्सी होती. "आता मॅडमचं मागणं राहिलंय."

"बर्फ मागा, मिस आयोनी," पॅन्सी कुजबुजली. "बर्फ भरपूर आहे."

"मला मागायचंय," आयोनी म्हणाली, "पण ते घराकडे नाही, मिस इसिल्डा."

पॅन्सीने तोंडावर हात ठेवला. मिस इसिल्डांनी तिचा दंड धरला, पण दोघींतली एकही आत गेली नाही.

आता उठायला मोकळीक होती. तरी आयोनी बसूनच राहिली. तिने खुर्ची लेनवर्थकडे वळवली.

"केमनला काय सांगायचं ते तू ठरव," ती म्हणाली. "तू जायला निघालास तर मी अडवणार नाही. पण मला तू इथे हवा आहेस. तुला बरं वाटावं म्हणून नाही... मला हवा आहेस म्हणून. पंधरा तारखेला पाहुणे येतील, त्याच्या आधीच्या शनिवारी मी तुझ्याशी लग्न करणार आहे, लेन."