दुसऱ्याचा चार्जर

"दुसऱ्याचा चार्जर आपल्या फोनला लावू नये," ताईने बजावलं होतं. "फोन बिघडतो. आणि माणसांच्या बाबतीतही तेच, लक्षात ठेव!"

"हो गं," म्हणत मी डबा पिशवीत कोंबला आणि स्वतःचा चार्जर घरीच विसरून ऑफिसला पळाले.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून मी आणि माझी लेक ठकी ताईच्याच घरी राहत होतो. ठकी अजून दुडुदुडु चालणारी. ती दिवसभर पाळणाघरात आणि मी दिवसभर फोनमध्ये, कारण पाळणाघराचा कॅमेरा फोनवर दिसायचा. ती झोपली की तिचं पोट वरखाली होतंय ना, तेवढंच मी बघत बसायची.

त्या दुपारी बॅटरीची रेघ लाल झाली. आमचं मासिक बाजारातल्या वस्तू पारखून त्यांच्यावर लेख छापतं. मी तिथे नवीनच लिहायला लागले होते. चाचणीच्या खोलीत टेबलभर चार्जर आणि पॉवर बँका दिसल्या. मी आत घुसले, कुठल्याशा फोनची केबल उपसली आणि माझ्या फोनला लावली.

"अहो — अहो! चाचणी चालू होती!"

मागे तो उभा होता. हातात चहा, चेहरा घर लुटल्यासारखा. चार्जर पारखायचं काम त्याचं, म्हणून ऑफिसात त्याला सगळे 'वॅटवाले' म्हणत.

"माझी मुलगी पाळणाघरात आहे," मी म्हटलं.

"आणि माझा फोन भरत आला होता!"

"मग त्याचं पोट भरलंय. माझा उपाशी आहे."

"हे बरंय... चोर तो चोर, वर शिरजोर." पण हसू काही त्याला लपवता आलं नाही.

माझा फोन मात्र भरेचना. केबलला जोडलेल्या छोट्याशा मीटरवरचा आकडा जागचा हलेना. त्याने केबल बदलली. मग चार्जर. मग विटेएवढी पॉवर बँक आणली.

"हिच्यावर आकडा केवढा मोठा लिहिलाय," मी म्हटलं.

"नुसत्या आकड्याने काय होतंय? फोन आणि चार्जर आधी आपसात बोलतात. सूर जुळला, तरच वेग वाढतो."

"आणि नाही जुळला तर?"

"तर मग... नुसतं सोबत बसायचं. हळूहळू भरतं."

तो फोनबद्दलच बोलत होता. तरी कान त्याचेच लाल झाले.

विटेनेही काही होईना. "इतका हट्टी फोन मी पाहिला नाही," तो पुटपुटला.

मी फोनच्या पाठीला उलटा हात लावला, ठकीच्या कपाळाला लावते तसा. "याला ताप आहे."

"काय?"

"चांगला चटका बसतोय. बघा की हात लावून."

त्याने लावला. आमची बोटं — असो.

"अरेच्चा! तापला की फोन आपणहून कमी वीज घेतो. तुम्ही कॅमेरा चालूच ठेवलाय ना? मी चाचणी करतो तेव्हा स्क्रीन कायम बंद... माझ्या डोक्यातच आलं नाही!"

"कॅमेरा बंद होणार नाही," मी आधीच सांगून टाकलं. ताई, डॉक्टर, पाळणाघरातल्या बाई, सगळ्यांचं झालं होतं सांगून — इतकं बघू नकोस. आता याची पाळी, म्हणून मी हनुवटी वर केली.

त्याने टेबलावरून मघाचा स्वतःचा फोन उचलला. "मग याच्यावर बघा. तुमच्याला जरा निवू दे."

मी बघतच राहिले... फोनकडे नव्हे.

माझा फोन पालथा पडून गार झाला, आणि मीटरवरचा आकडा टुणकन वर गेला.

"धावला!" तो ओरडला.

"ठकीपण उठली," मी म्हटलं.

"बघू? — नाक तुमचंच आहे."

"तुम्ही मीटरकडे बघा."

मग रोज दुपारी हेच. माझा फोन त्याच्या टेबलावर, त्याचा माझ्या हातात. एकदा त्याने घसा खाकरला. "तुमचा डबा रोज तसाच परत जातो. तुम्ही जेवा... तोवर मी बघतो तिच्याकडे. पापणीही लवू देणार नाही."

'बघू नकोस' म्हणणारे ढीगभर भेटले होते. 'मी बघतो' म्हणणारा हा पहिलाच.

मी जेवले. चावून चावून, शेवटच्या घासापर्यंत. मान वर केली तर हा फोन दोन्ही हातांत धरून बसलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"अहो, पापणी हलवा!"

"शब्द दिलाय."

तिथेच मी प्रेमात पडले. हो, पडले! एका लेकराची आई असताना, एकदा हात पोळलेला असताना पडले. कुणाचं काही म्हणणं?

ताईचं होतं. "माझ्या घरात हे चालायचं नाही. पुन्हा रडत आलीस तर?"

"रडेन. पण रडू येईल म्हणून आत्ताच दार लावून घेणार नाही."

"मग तुझं तू बघ."

"तेच तर करतेय!"

ठकी कडेवर, बॅग खांद्यावर. त्याच्याकडे गेले नाही हं. आधी स्वतःची खोली घेतली, एका खिडकीची. कुलूप माझं, किल्ली माझी. संध्याकाळी तो ठकीसाठी चेंडू घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. मीच "या" म्हटलं. ठकीने त्याचा चष्मा ओढला, त्याने ओढू दिला.

माझा फोन पुन्हा लाल रेघेवर. "चार्जर ताईकडेच राहिला," मी म्हटलं.

"मग माझा लावा."

"दुसऱ्याचा लावू नये म्हणतात."

तो बराच वेळ केबलचा गुंता सोडवत राहिला... गुंता नव्हताच मुळी.

"दुसऱ्याचा कशाला म्हणता... आपला म्हणा ना."

"'म्हणा' नाही," मी प्लग त्याच्या हातातून घेतला, "'म्हण' म्हण. आपला."

आता तुम्हाला एक सांगू? तुमच्या शेजारच्या दाराआड एखादी आई एकटीच लेकराकडे टक लावून बसलेली असेल. आजच तिच्याकडे डोकावून या. निमित्त लागलं तर चार्जर मागा. 'इतकं बघू नकोस' तेवढं म्हणू नका. 'तू जेव, मी बघते,' म्हणा आणि खरंच बसा.