सदतीस अंशांवरची पायरी

मोहीम निघाली होती एका भांडणाचा निकाल लावायला! जायकवाडीच्या पाण्यात गेलेल्या गावात, चर्चच्या पायरीवर, लग्नाच्या दिवशी यशया आजोबांनी ‘य’ आणि ‘वि’ कोरलं होतं. पहिलं अक्षर त्यांचं की विजयमाला आजीचं, यावर पन्नास वर्षं जुंपली होती. यंदा मे महिन्यात पाणी हटलं, पायरी उघडी पडली. पाऊस आला की ती पुन्हा बुडणार!

सून रूथ नेवाशाच्या कॉलेजात गणित शिकवायची. सहा वर्षांची लेक कृपा होडीत बसणार, या विचारानेच तिची झोप उडाली होती. तिने लाइफ जॅकेटं, शिट्टी, ओआरएस, होकायंत्र, सगळं पिशवीत कोंबलं आणि बजावलं, “सकाळी दहाच्या पुढे तिथे एक मिनिट थांबायचं नाही.”

जुन्या नकाशात पायरी टेकडीवरच्या देवळाच्या थेट उत्तरेला बाराशे मीटरवर होती. टेकडीखाली गाळ, म्हणून होडी नऊशे मीटर पश्चिमेच्या धक्क्यावरून निघणार. रूथने काटकोन त्रिकोण काढला. कर्ण पंधराशे मीटर. दिशा उत्तरेकडून पूर्वेला सदतीस अंश!

“तिरकोन ठेवा पिशवीत, मॅडम,” नावाडी बिभीषण हसला. “पायरीच्या मागं कारखान्याचं धुराडं हाय. त्याच्यावर होडीचं नाक धरायचं, बस.”

आजींना धक्क्यावर ठेवून होडी निघाली. कृपाने बगळ्याचा फोटो काढता काढता रूथचा मोबाईल पाण्यात पाडला. आरडाओरडा, रडारड, समजूत! निघून दहा मिनिटं झाली तेव्हा कुठे रूथने होकायंत्र पाहिलं. साठ अंश!

“थांबा! हे धुराडं भलतंच आहे!”

बिभीषणने कपाळावर हात मारला. “गाळप बंद. धूर न्हाई. दोनी कारखाने सारखेच दिसत्यात की वो!”

त्याने दगडी नांगर टाकला. धुरळ्यात काठ दिसेनासा झाला होता. पश्चिमेचा वारा उठला. नऊ पस्तीस! ‘परत’ हा शब्द रूथच्या ओठांवर आला.

“ऱ्हाऊ दे, पोरी,” आजोबा आपल्या हातांकडे बघत म्हणाले.

रूथने वही उघडली. वल्ह्यांचा वेग तिने काठालाच मोजला होता, मिनिटाला साठ मीटर. दहा मिनिटांत सहाशे. म्हणजे पूर्वेला पाचशे वीस, उत्तरेला तीनशे. उरलं पूर्वेला तीनशे ऐंशी, उत्तरेला नऊशे. तेवीस अंश, जेमतेम हजार मीटर!

“वाऱ्याला वाट द्यावी लागती, ते आमाला ठाव हाय,” बिभीषण म्हणाला. “किती, ते तुमी सांगा.”

कृपाची रिकामी बाटली दोरीला बांधून सोडली. वीस सेकंदांत ती चार मीटर पूर्वेला वाहून गेली. रूथने आकडा काढला. “बारा अंशांवर नाक धरा. पंधरा मिनिटं!”

नांगर वर! वल्ही पाण्यात! लाट आदळली, कृपा किंचाळली. मग खदखदून हसली!

“आई, पण आपण डावीकडे चाललोय!”

“आपण डावीकडे, वारा उजवीकडे. बेरीज पायरीवर!”

बारा मिनिटं. तेरा. चौदा. समोर नुसता धुरळा. आणि... ठक्क! वल्हं दगडावर आपटलं. दहा पावलांवर, पाण्याच्या वर हातभर, काळी पायरी ऊन खात पडली होती!

आजोबा पोरासारखे उतरले. मोबाईल तर बुडालेला. कृपाने त्रिकोणाचं पान पायरीवरच्या कोरीव अक्षरांवर उलटं ठेवून त्यावर पेन्सिल घासली. अक्षरं उमटली. आजोबांचा चेहरा पडला. ठीक दहाला होडी वळली.

धक्क्यावर आजी कमरेवर हात ठेवून उभ्या. “काय मग?”

“लई गाळ हुता. काय दिसलं न्हाई,” आजोबा म्हणाले.

“आजी, ‘वि’ पहिलं!” कृपाने कागद नाचवला.

आजी म्हणाल्या, “पन्नास वर्षं काय सांगत हुते मी?”

“खालच्या पायरीवर मी पहिला हाय!” आजोबा उसळले. “पुढल्या मे महिन्यात जाऊ!”

“पप्पा!” रूथ ओरडली. मग तिने होकायंत्र पुसलं आणि पिशवीत अगदी वर ठेवलं, पटकन सापडेल असं.