कोषातली आठवण

प्रयोगशाळेतल्या काचपेटीत कोष उकलला आणि ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, बाहेर आला. फिकट पिवळा, ओलसर, पाठीवर एकही ठिपका नाही. ती लाली आणि ते सात काळे ठिपके उमटायला अजून काही तास होते. डॉ. सुलभा रणदिव्यांनी त्याच्यासमोर कापूर धरला. इवलासा जीव धडपडत मागे सरला.

"आठवतंय त्याला!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

तो काळी, काटेरी अळी होता तेव्हा कापराच्या वासासोबत त्याला विजेचा बारीक चटका दिला होता. पुढे कोषात त्याचं बहुतेक शरीर विरघळलं, नवं घडलं. तरी आठवण टिकली. बाईंना हेच हवं होतं. त्यांची नऊ वर्षांची चारू मज्जाक्षयाने खंगत चालली होती. 'कोषोपचारा'ने तिची मेंदूतली मज्जा विरघळवून नव्याने घडवता येणार होती. पण उठेल ती चारूच असेल ना, एवढाच घोर होता.

सहकारी तांबोळींनी मान हलवली. "बाई, आपण फक्त चटक्याची आठवण तपासली. पिकावरचे मावा-किडे खाऊ घालताना दिलेल्या वासाची, म्हणजे सुखाची, नाही. महिनाभर थांबू या."

"महिना? अहो, पोरगी आठवडा काढेल की नाही देव जाणे! आठवण ती आठवण. त्यात कडू-गोड कसलं आलंय?"

आईचं काळीज ते, शास्त्राचं कुठलं ऐकायला! दोन वर्षं चारूची रोजची सुई बाईंनी स्वतःच टोचली होती, नर्सला हात लावू दिला नव्हता. औषधांच्या वासाने पोर भेदरू नये म्हणून केसांत सोनचाफा माळून जायच्या.

कोषोपचाराच्या चाळिसाव्या दिवशी चारू उठून बसली. गाल भरलेले, बोलणं खणखणीत. बाबा आधी आत धावला.

"काका, पाणी द्या ना," ती म्हणाली.

दाराबाहेर बाई घाईघाईने चाफा खोवत होत्या. तांबोळी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मावा खाऊ घालून वास शिकवलेल्या दुसऱ्या अळ्यांचे किडे काल बाहेर आले. सुखाचं त्यांना काहीच आठवत नाही."

बाईंनी ऐकलंच नाही. हात पसरून त्या आत गेल्या.

चाफ्याचा वास आला मात्र, चारूने किंकाळी फोडली. दोन्ही दंड घट्ट धरून ती भिंतीपर्यंत सरकली.

"नको आई! टोचू नकोस गं!"

बाईंचे हात तसेच राहिले. बाबाला पोर साफ विसरली होती. आईला तेवढी ती विसरली नव्हती.