वांगी रंगाचा स्वेटर

"हा माझा स्वेटर नाय," अक्काबाई आहेर म्हणाल्या आणि हातातली कापडी पिशवी त्यांनी सायली निकमच्या टेबलावर उपडी केली.

पिशवीतून पडला एक वांगी रंगाचा, पुढून उघडा, पाच बटणांचा, हातानं विणलेला स्वेटर. डांबर गोळ्यांचा वास खोलीभर सुटला. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले सोमनाथ गायधनी शिंकले आणि पेपर बाजूला ठेवून उठून आले.

इंदिरानगरात एका बेकरीच्या वर सायलीचं हे ऑफिस. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकश्यांची. मुलगा खरंच कंपनीत साहेब आहे की साहेबाची गाडी चालवतो, असली. सोमनाथ हवालदार म्हणून निवृत्त झाले, घरी बायकोला दिवसभर नकोसे झाले आणि सायलीकडे येऊन टेकले. माणूस सज्जन. फक्त संशय घ्यायचा तर समोर जो पहिला दिसेल त्याचाच घ्यायचा, ही खात्यातली सवय काही सुटली नव्हती.

"आजी, तुमचा नाही तर कोणाचा?" सायलीनं विचारलं.

"तेच तर तुला शोधायचंय. माझा स्वेटर कोणी तरी नेलाय आणि त्याच्या जागी हा ठेवलाय. घरात सांगितलं तर सून म्हणते, सासूबाईंचं डोकं चालेनासं झालंय. मुलगा काय बोलत नाय, म्हणजे त्यालाही तसंच वाटतंय. परवा सोमवारी मला डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार. डॉक्टर हो म्हणाला की पाथर्डी फाट्याकडं एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय." अक्काबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मला मरायची भीती नाय पोरी. पण वेडी म्हणून मरायचं नाय मला."

सायलीनं स्वेटर जवळ ओढला. "हा तुमचा नाही हे कशावरून?"

"माझा स्वेटर देवळ्याला असताना माझ्या थोरल्या जावेनं विणला होता. बयाबाई तिचं नाव. योगेश तेव्हा शाळेत जायचा. तेव्हापासून दर थंडीला मी तोच घालते. सकाळी तोंड धुताना बाही कोपरापर्यंत सारायची आणि चूळ भरायची, ही माझी सवय. ही बाही मेली वर सरकतच नाय. मनगटाला धरून बसते."

"मशीनमध्ये धुतला असेल," सोमनाथ लगेच म्हणाले. "लोकर आटते. सुनेनं धुतला, आटला, आता कबूल करत नाही. झालं."

"आटला असता तर बटणांची भोकंही आटली असती, काका." सायलीनं सगळी बटणं लावून दाखवली. आरामात लागली. चार तपकिरी होती, एक पांढरं. "ही बटणं?"

अक्काबाईंचा आवाज इथं पहिल्यांदा खाली गेला. "बटणं माझीच हायेत. पांढरं योगेशच्या शाळेच्या सदऱ्याचं, एक हरवलं तेव्हा मीच लावलं होतं. म्हणून तर सगळे मला हसतात. बटणं तुमची, मग स्वेटर कोणाचा? मला उत्तर सुचत नाय."

सायलीनं भिंग घेतलं. पाचही बटणं एकाच दोऱ्यानं लावलेली होती, पांढरंसुद्धा. दोरा नवा होता. तिनं भिंग खाली ठेवलं.

"बयाबाई घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणायच्या?"

"पोरांचे सगळे. आणि दर दिवाळीला ओसरीवर बसून सगळ्यांच्या बाह्या मनगटाकडून उसवायची आणि वाढवून द्यायची. पोरं वाढतात ना. माझी कड झिजली की माझीही नवी करायची. ती गेल्यापासून कोणी केली नाय." अक्काबाईंनी बाहीची कड बोटांनी चाचपली. "चांगली होती बया. भांडायची, पण चांगली होती."

"आजी, या बाहीचा एक धागा ओढून बघू?"

"ओढ. माझा नाय तो."

सायलीनं सुईनं मनगटाच्या कडेचा धागा उचकटला आणि ओढला. धागा जागच्या जागी ताणला गेला. तिनं दुसऱ्या ठिकाणी उचकटून पाहिलं. तिथंही तेच.

"स्वेटर माझ्याकडे राहू द्या," ती म्हणाली. "उद्या रविवार, सगळे घरी असतील. मी येते. आणि मी जे काही खोटं बोलेन, त्याला तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"खोटं बोलणाऱ्या पोरीकडं आले की काय मी," अक्काबाई पुटपुटल्या, पण जाताना चेहरा थोडा सैल झाला होता.

रविवारी सकाळी आहेरांच्या फ्लॅटमध्ये शिरताच सोमनाथांनी ठरवून टाकलं की चोर सूनच आहे. हर्षाली स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरी थापत होती. पाहुण्यांना बसा म्हणाली, पण नाकावर माशी बसू देत नव्हती.

"सासूबाई तुमच्याकडे आल्या होत्या, कळलं मला. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. स्वेटर समोर आहे, बटणं तीच आहेत, आणि तरी हा माझा नाही म्हणायचं. उद्या मला म्हणतील, ही माझी सून नाही."

"स्वेटर कुठे असायचा?"

"उन्हाळाभर लोखंडी कपाटात, डांबर गोळ्या घालून. दिवाळीनंतर काढतो. कपाटाला कुलूप नाही. घरात कोणीही उघडतं."

"घरात विणायला कोणाला येतं?"

"मोठ्या आई, म्हणजे बयाबाई, गेल्या, त्यांच्याबरोबर ते गेलं. मला तर सुया बघितल्या तरी कंटाळा येतो."

सायलीनं चेहरा कसनुसा केला. "एक सांगायचं राहिलं. आजी स्वेटर ऑफिसात ठेवून आल्या आणि माझ्या दाराच्या खिळ्याला बाही अडकली. मनगटाकडून पार कोपरापर्यंत उसवली."

सोमनाथांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. ऑफिसच्या दाराला खिळा नव्हता.

"उसवली तर उसवली," हर्षालीनं भाकरी तव्यावर टाकली. "माझं लग्न झालं त्या दिवाळीला मोठ्या आईंनी घरातल्या सगळ्या बाह्या उसवल्या होत्या. मला वाटलं, कसल्या घरात आले मी. सासूबाईंना तेवढं सांगा, नाहीतर खापर माझ्यावर फुटेल."

योगेश गॅलरीत झाडांना पाणी घालत होता. द्राक्षबागांवरच्या औषधांचं दुकान चालवणारा हा माणूस बायको आणि आई दोघींना घाबरत होता. दोघींशी एकाच वेळी बोलायची पाळी आली की तो झाडांना पाणी घालायचा. कुंड्यांत चिखल झाला होता.

"आई विसरते हल्ली," तो हळू म्हणाला. "परवा गॅस चालू राहिला. तो आईनंच ठेवला की हर्षालीनं, ते माहीत नाही. पण नाव आईचं झालं."

"म्हणून वृद्धाश्रम?"

त्यानं भरलेल्या कुंडीत आणखी पाणी ओतलं. सायलीनं खिळ्याची गोष्ट पुन्हा सांगितली.

"बाही ना? मनगटाकडून?" योगेशला उलट बरं वाटलं. "मग फार बिघडलं नाही. मोठी आई दर वर्षी तशीच उसवायची. लोकर गुंडाळून ठेवा, कोणाकडून तरी विणून घेऊ."

राहिली तेजल. बयाबाईंची सख्खी नात, कॉलेजसाठी देवळ्याहून इथं राहायला आलेली. हर्षालीच्या शब्दांत, घरातली सगळ्यात गुणी पोरगी. अक्काबाईंना सकाळचा चहा तीच करून द्यायची. ती पलंगावर बसली होती. सायली आत येताच तिनं बाजूची उशी उचलून मांडीवर घेतली. उशीचा अभ्रा भरतकामाचा होता आणि त्याच्या तोंडाला नाडीची घट्ट गाठ मारलेली होती.

"तुझ्या आजीचे विणलेले बाकीचे स्वेटर कुठे आहेत?" सायलीनं विचारलं.

"आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबांनी सगळी पेटी बोहारणीला घातली." तेजल उशीच्या गाठीकडे बघत म्हणाली. "त्याबदल्यात स्टीलचं एक पातेलं आलं. अजून घरी आहे. त्यात दूध तापवतात."

"तुला येतं विणायला?"

"मला? मला साधं बटण लावता येत नाही."

"बरं. अक्काआजींचा स्वेटर आहे ना, तो माझ्या दाराच्या खिळ्याला अडकला. मनगटाकडून कोपरापर्यंत बाही उसवली."

"कशी उसवेल?" तेजल पटकन म्हणाली. "मनगटाकडून नाही उसवत बाही. तिथं तर सुरुवात असते. फार तर भोक पडेल."

"अरे, हो का," सायली म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही."

जिन्यात आल्यावर सोमनाथांनी आपला निकाल दिला. "सूनच. म्हणाली कशी, खापर माझ्यावर फुटेल. मनात असल्याशिवाय तोंडात येत नाही. ती पोरगी मात्र हुशार. तुमचं खोटं लगेच पकडलं तिनं."

"काका, तिनं खोटं पकडलं हीच गंमत आहे," सायली म्हणाली. "चला, सगळ्यांना हॉलमध्ये बसवू."

सगळे बसले. अक्काबाई मधल्या खुर्चीत, पाठ ताठ करून. तेजल उशी न घेता आली होती. सायलीनं पिशवीतून स्वेटर काढून टीपॉयवर ठेवला. दोन्ही बाह्या शाबूत होत्या.

"हा तर उसवला होता ना?" योगेशनं विचारलं.

"नाही. मी खोटं बोलले. माझ्या दाराला खिळा नाही." सायलीनं बाही हातात धरली. "पहिली गोष्ट. आजी खरं बोलतात. हा स्वेटर त्यांचा नाही."

हर्षाली काही बोलणार होती. सायलीनं हातानं थांबवलं.

"विणलेली वस्तू जिथं संपते तिथून सरसर उसवते, जिथं सुरू होते तिथून नाही. बहुतेक लोक बाही मनगटाकडून सुरू करून खांद्याला संपवतात. बयाबाई उलट करायच्या. खांद्याला सुरू करून मनगटाला संपवायच्या, म्हणजे दिवाळीला मनगटाकडून उसवून बाही वाढवता येते. तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय. या बाहीची कड मी काल ओढली. उसवत नाही. म्हणजे ही मनगटाकडून सुरू केलेली आहे. सुरुवातीचे टाके घट्ट पडले, म्हणून आजींची बाही वर सरकत नव्हती. ही बयाबाईंच्या हातची नाही."

"पण बटणं?" हर्षालीचा आवाज खाली आला होता.

"मूळ स्वेटरवरून कापून याला लावली. पांढरं बटण कित्येक वर्षांनंतर लावलेलं, तरी आज पाचही एकाच नव्या दोऱ्यात आहेत. म्हणजे धुताना बिघडला, लपवला, असं झालेलं नाही. कोणीतरी सगळा उन्हाळा घालवून मुद्दाम जोड बनवला."

"कोणी?" योगेशनं विचारलं.

"खिळ्याची गोष्ट मी तिघांना सांगितली. तुम्ही आणि हर्षालीताई म्हणालात, उसवली असेल, बयाबाईही उसवायच्या. कारण तुमच्या लेखी हा बयाबाईंचाच स्वेटर होता. एकच माणूस म्हणालं, या बाहीची सुरुवात मनगटाला आहे, ती उसवणारच नाही. ज्याला बटणही लावता येत नाही म्हणे." सायलीनं आवाज चढवला नाही. "तेजल, तू मोबाइलवर बघून शिकलीस ना? तिथं मनगटाकडूनच शिकवतात. दिवाळीला ओसरीवर काय चालायचं ते तू बघितलंच नव्हतंस. चार वर्षांची होतीस."

सोमनाथ हर्षालीकडे बघत होते. त्यांनी नजर सावकाश वळवली.

"उशी आणतेस का?" सायली म्हणाली. "मी आल्यापासून ती तुझ्या मांडीवर होती. नाडीची गाठ मारून कोणी उशीवर डोकं ठेवत नाही."

तेजल उठली. उशी घेऊन आली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडवली. आतून वांगी रंगाचा स्वेटर निघाला. कोपरं झिजलेली, मनगटाच्या कडा विरलेल्या, बटणांच्या जागी पाच दोरे लोंबत होते.

"माझ्याकडे तिचं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मी सकाळ-संध्याकाळ हाच विचार करायची. अक्काआजींना दिसतं कमी, त्यांना कळणार नाही, त्यांना उबेशी मतलब. मी चांगल्यात चांगली लोकर आणली. आणि मग त्या म्हणाल्या, हा माझा नाही. मला वाटलं दोन दिवसांत विसरतील."

"मग डॉक्टरचं ठरलं," सायली म्हणाली.

"मग मला बोलताच येईना."

अक्काबाईंनी हात पुढे केला. तेजलनं स्वेटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तिथंच अंगात घातला आणि उजवी बाही वर सारली. बाही कोपरापर्यंत गेली. त्यांनी डोळे मिटले.

"मागितला असतास तर दिला असता," त्या डोळे उघडून म्हणाल्या. "चोरलास याचं मला काय वाटत नाय. बयाची नात तू. पण तू रोज सकाळी मला चहा आणून द्यायचीस, आणि मी तो कप हातात घेऊन माझं नाव, माझ्या बापाचं नाव, माझ्या गावाचं नाव मनात म्हणून बघायची. विसरले तर नाय ना म्हणून. तू समोर उभी असायचीस तेजल. त्याचा मला लय राग आलाय. आज काय तो जायचा नाय."

तेजल रडत होती. कोणी तिला गप्प केलं नाही.

"स्वेटर हिनं नेला," सायली बाकीच्या दोघांकडे बघून म्हणाली. "आजींचं डोकं फिरलं, हे मात्र तुम्ही ठरवलंत. त्यासाठी एक धागासुद्धा कोणी ओढून बघितला नाही."

हर्षाली खाली बघत राहिली. "चुकलंच," ती म्हणाली. योगेशनं घसा खाकरला. "आई, उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करतो."

"कशाला?" अक्काबाई म्हणाल्या. "घेतलीच हायेस तर तू जाऊन ये. सांग त्यांना, स्वतःची आई खरं बोलते का खोटं, ते मला ओळखू येत नाय. काही औषध असलं तर घेऊन ये."

सोमनाथांना हसू आलं. त्यांनी ते रुमालात लपवलं.

"आणि तू, इकडं ये," अक्काबाईंनी तेजलला बोलावलं. "सुया आण. बया गेल्यापासून ही कड झिजलीय. ती कशी उसवायची, कुठून धरायची, ते मी शेजारी बसून बघायची. मला विणता कधी आलं नाय, पण सांगता येईल. बस खाली."

"काढून देता का अंगातून?" तेजलनं डोळे पुसत विचारलं.

"आता अंगातून काढायची नाय मी," अक्काबाई म्हणाल्या आणि हात तिच्यापुढे केला. "अंगावरच उसव."

तेजल त्यांच्या पायाशी बसली. मनगटाच्या कडेला तिनं धागा शोधला आणि भीत भीत ओढला. धागा सरसर निघून तिच्या मांडीवर जमा व्हायला लागला.